हल्लू आंटी

जयवंताबाईंच्या काही सवयी.

रिक्षावाल्याला वळण सांगायचं, तो त्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला असला तरी. कुकरशी बोलायचं, तिसऱ्या शिट्टीला "बस की आता" असं त्याला दटावायचं. फोनवर "ठेवते" म्हणायचं आणि न ठेवता नवा विषय काढायचा. लसूण सोलताना बोलण्याच्या नादात पाकळ्या केरात आणि सालं वाटीत टाकायची, मग केरातून पाकळ्या वेचायच्या आणि त्यावरही बोलायचं. मुलीला लेखी निरोप न पाठवता आवाज पाठवायचा, कारण इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला मराठी वाचायला वेळ लागतो. त्या आवाजातला निम्मा भाग भाजीवाल्यासाठी असायचा. गोष्ट सुरू करायची आणि ऐन रंगात आली की उठून दूध बघायला जायचं.

आणि मुलीच्या एअर पिस्तुलाला रिव्हॉल्वर म्हणायचं.

"आई, रिव्हॉल्वरला फिरणारं चक्र असतं," रेणूने एकदा सांगून पाहिलं.

"असू दे की. पिस्तूल गुंडाकडं असतं. रिव्हॉल्वर फौजदाराकडं. माझी मुलगी काय गुंड आहे?"

रेणूने पिस्तूल पेटीत ठेवलं. ती सोळा वर्षांची होती आणि फार कमी बोलत असे. लोक म्हणत, वडिलांवर गेली. तिला स्वतःला तसं वाटत नसे. घरात बोलायला जागाच शिल्लक नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि तेही तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

घर अंबरपेठेत. वरचा मजला यांचा, खालचा भाग्यलक्ष्मीचा. हणमंतरावांचे वडील उदगीरकडची शेती भावाकडे सोपवून नोकरीसाठी हैदराबादला आले, तेव्हापासून हे कुटुंब इथेच. हणमंतराव पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात होते. जयवंताबाई कोठी भागातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर देण्याच्या खिडकीवर बसत. नंबर द्यायला क्षणभर पुरतो. जयवंताबाईंना पुरत नसे. कुणाचा मोतीबिंदू पिकला, कुणाची सून विचारत नाही, कुणी चष्मा रिक्षात विसरला, हे सगळं विचारल्याशिवाय त्या नंबर सोडत नसत. रांग लांबे. गंमत म्हणजे तक्रार कुणी करत नसे. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत निम्म्या लोकांना बरं वाटायला लागलेलं असे.

मुलीला चारचौघांत तोंड उघडता यावं म्हणून त्या तिला कराटेत घालायला निघाल्या होत्या. कराटेत पोरं ओरडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या शाळेच्या तळमजल्यावर वर्ग भरे. त्या दिवशी कराटेचे सर आले नव्हते. शेजारच्या लांबट खोलीतून फट् फट् असे बारीक आवाज येत होते. जयवंताबाईंनी दार ढकललं.

आत काही जण ओळीने उभे होते. एक हात पुढे ताणलेला, दुसरा खिशात. समोर कागदाची पांढरी चौकोनी लक्ष्यं, मध्ये काळा गोल. कुणी एक अक्षर बोलत नव्हतं.

रेणू त्या दारातून हललीच नाही.

"हे पाहिजे का तुला?"

रेणूने मान हलवली.

"इथं तर कुणीच ओरडंना की," जयवंताबाई म्हणाल्या. त्या खरोखर हिरमुसल्या होत्या. पण नाव घातलं.

ती रेंज खय्यूम सरांची. एके काळी ते स्वतः चांगले नेमबाज होते. आता केस पांढरे, आवाज मऊ, आणि चालणं असं की मागे येऊन उभे राहिले तरी कळत नसे. पोरांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: ट्रिगर ओढायचा नाही, हल्लू, म्हणजे हळूच, दाबायचा. इतका हल्लू की छर्रा कधी सुटला ते आपल्यालाही कळू नये.

दुपारच्या सुट्टीत दवाखान्यातून डबा घेऊन जयवंताबाई रेंजवर येऊ लागल्या. मागच्या बाकावर बसायच्या. मुलीचं कौतुक बघायला आल्या होत्या, पण नुसतं बघणं त्यांना माहीत नव्हतं. शेजारी बसलेल्या कुठल्याही आईबापाला त्या कार्यक्रम समजावून सांगत. "ती माझी. तिसरी. वेणीवाली. बघा, आता हात वर करंल. बघा, केला. आता श्वास धरंल." ओळीतले खांदे एकेक करून आखडू लागले.

खय्यूम सर आले. अदबीने वाकले.

"अम्मा, हल्लू बोलो जी."

"हौ, हौ," जयवंताबाई म्हणाल्या, आणि गप्प झाल्या. रेणूला हायसं वाटलं. तिने पिस्तूल उचललं, हात वर नेला, हळूहळू काळ्या गोलाखाली आणला, श्वास धरला.

"हळू," मागून आवाज आला.

छर्रा कागदाच्या कोपऱ्यात गेला.

रेणूने पुन्हा पिस्तूल उचललं. हात खाली आला.

"हळू."

आता सगळ्यांनी मागे पाहिलं. जयवंताबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. हात मांडीवर. सोपवलेलं काम चोख करणाऱ्या माणसाचा चेहरा.

"क्या बोल रे आप, अम्मा?" सरांनी विचारलं.

"हळू."

"कैकू?"

"तुमीच तो बोले. हल्लू बोलो."

खय्यूम सरांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, आणि तिथेच फसले. "मैं हल्लू बोलने कू बोला, अम्मा."

"वैच तो बोल री मैं."

"नै, नै. हल्लू नै बोलना. हल्लू... बोलना."

"अहो, मग बोलू का नको?"

ओळीच्या टोकाला एक प्रौढ बँक अधिकारी नेम धरून होते. त्यांना हसू आवरलं नाही आणि त्यांचा छर्रा भिंतीला लागला. मग पोरं हसली. मग सरही हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी पाण्याच्या फिल्टरशेजारी, दाराबाहेर, एक स्टूल मांडून दिलं. त्या दिवसापासून जयवंताबाईंची जागा ती. आणि त्या दिवसापासून रेंजवर त्यांचं नाव हल्लू आंटी.

रेणूला वाटलं, आई आता येणार नाही. जयवंताबाई दुसऱ्या दिवशी आल्या आणि स्टुलावर बसल्या. बाहेर बोलायला शाळेचा वॉचमन होता.

दोन वर्षांत रेणू चांगली तयार झाली. इतकी की सरांनी तिला क्लबचं पिस्तूल घरी सरावाला न्यायला दिलं. छर्रा न भरता, भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायचा सराव. स्पर्धांमध्ये ती पहिल्या फेरीत सहज वर येई. या फेरीत हॉल शांत असतो. पहिल्या आठ जणी अंतिम फेरीत जातात, आणि तिथे सगळं उलटं. तिथे मोठ्याने गाणी लावतात. निवेदक प्रत्येकीचे गुण माइकवरून ओरडतो. लोक टाळ्या वाजवतात, नावं घेऊन हाका मारतात. ठरावीक नेमांनंतर सगळ्यात मागची बाहेर पडते, मग पुढची, मग त्यापुढची.

दरवेळी पहिली बाहेर पडणारी रेणू असे.

कानात बोळे घालून पाहिले. तर स्वतःच्या काळजाचे ठोके ऐकू येऊ लागले, आणि ते गाण्यापेक्षा मोठे होते. "बच्ची खामोशी में फस्टक्लास," खय्यूम सर म्हणाले. "शोर में फेल."

त्याच सुमारास एकदा जेवताना हणमंतरावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ते क्वचित बोलत, म्हणून तांब्या ठेवण्याचा आवाजही सगळ्यांना कळे.

"पुढचं वर्ष इंटरचं दुसरं, बारावीचं. इंजिनिअरिंगची परीक्षा. हे असं आठवं येत राहायचं असेल तर कोचिंगला नाव घालू. यंदा राज्याच्या संघात आली, तर चालू ठेवू. नाही आली, तर पिस्तूल सरांना परत."

रेणूने आईकडे पाहिलं. आता आई तासभर बोलेल, असं तिला वाटलं.

"हौ," जयवंताबाई म्हणाल्या. एवढंच. आणि भात वाढला.

त्या एका शब्दाला रेणू घाबरली.

राज्याच्या संघाची निवड चाचणी अडीच महिन्यांवर होती. अंतिम फेरीतल्या पहिल्या तिघी संघात. दुसऱ्या दिवशी दुपारी जयवंताबाई स्टुलावरून उठून थेट सरांच्या खोलीत गेल्या. रेणू दारात होती.

"खय्यूमभाई, बच्ची आवाजानं घाबरती. तर तिला आवाजाची सवय करा की. स्पीकर लावा."

"लगाया, अम्मा. गाने का उसको कुछ नै होता. गाना एक जैसा रैता." सर विचार करत होते. "आदमी की आवाज होना. बीच में रुकने वाली. फिर चालू होने वाली." ते बोलता बोलता थांबले. त्यांनी जयवंताबाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अम्मा," ते म्हणाले, "अंदर आओ. बात करो."

"कशाबद्दल?"

"कुछ बी."

पाण्याच्या फिल्टरशेजारचं स्टूल आत आलं आणि रेणूच्या मागे मांडलं गेलं. जयवंताबाई बसल्या. पदर सारखा केला. रेणूने पिस्तूल उचललं. सगळी रेंज वाट बघत होती.

जयवंताबाईंना एक शब्द सुचेना.

"काय बोलू?" त्यांनी कुजबुजत विचारलं. "असं बोल म्हटल्यावर कसं बोलायचं?"

रेणूच्या आयुष्यातली ती पहिली वेळ. तिला हसूही आलं आणि थोडं वाईटही वाटलं. आईचे हात मांडीवर चुळबुळत होते. दवाखान्याच्या खिडकीपलीकडे बसवलं की ही बाई निम्मं शहर सांभाळत असे, आणि इथे शाळेत फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोरीसारखी झाली होती. शेवटी खय्यूम सरांनाच दया आली. ते म्हणाले, घरात बायकोचा गुडघा पुन्हा दुखतो आहे.

"पुन्हा? अहो, मी मागंच सांगितलं होतं जिना चढू देऊ नका. कोणतं तेल लावतात?"

आणि धरण फुटलं.

तेलावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून इंदुताईंच्या ऑपरेशनवर, तिथून इंदुताईंच्या जावयावर, जावयावरून उदगीरवर. आणि उदगीरवरून माकडावर. ही गोष्ट रेणूने लहानपणापासून ऐकली होती. उदगीरच्या घरात माकड शिरलं. फळीवर वाटीत पणजोबांची कवळी होती. माकडाने ती उचलली आणि लिंबाच्या झाडावर जाऊन बसलं. सगळी गल्ली गोळा झाली. माकडाने कवळी स्वतःच्या तोंडाला लावून पाहिली. तेव्हा पणजोबा पुढे झाले, आणि माकडाकडे बघून म्हणाले...

"अगं बाई, माझा डबा बाहेरच राहिला," जयवंताबाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्या दिवशी रेणूचे छर्रे कागदभर सांडले होते. जणू कुणी मूठभर मोहरी फेकली असावी.

सर कागद हातात घेऊन बघत राहिले. "तू आवाज से नै डरती," ते शेवटी म्हणाले. "तू राह देखती. बात खतम होने की."

रेणूला ते पटलं. तिने आयुष्यभर तेच केलं होतं. आईचं बोलणं संपलं की बोलू, आईची गोष्ट संपली की उठू. अंतिम फेरीतही ती निवेदकाचं वाक्य संपायची वाट बघत असे, टाळ्या ओसरायची वाट बघत असे, आणि तेवढ्यात हात थकून थरथरू लागे.

"खतम नै होती बात," सर म्हणाले. "कबी नै. तू चला दे."

मग रोज दुपारी डब्याच्या सुट्टीत जयवंताबाई बोलत आणि रेणू नेम धरी. घरीही तेच. स्वयंपाकघरासमोरच्या भिंतीवर काळा ठिपका होता. जयवंताबाई भाकऱ्या थापत आणि बोलत. रेणू ठिपक्यासमोर रिकामा चाप दाबी. हणमंतराव पेपरामागून बघत.

"वीस वर्षं मी हे नुसतं ऐकलं," ते एकदा म्हणाले. "याला प्रशिक्षण म्हणतात हे आता कळालं."

"तुम्हाला पण एक रिव्हॉल्वर आणून देऊ का?" जयवंताबाई म्हणाल्या. "लागंल तुमचा नेम. इतके दिवस गप बसायचा सराव आहे."

पेपर पुन्हा वर गेला. पेपरामागे हसू होतं, हे रेणूला दिसलं.

सुरुवातीला रेणूचा जीव जाई. आई वाक्याच्या मध्ये थांबे, चटका बसला म्हणून, भाकरी फुगली म्हणून, भाग्यलक्ष्मीने खालून हाक मारली म्हणून. त्या प्रत्येक थांब्यावर रेणूचं बोट थांबे. मग हळूहळू थांबेनासं झालं. शब्द येत, कानावरून जात. पिस्तुलाची पुढची माशी, नेम धरायचं ते टोक, धारदार दिसे, मागचा ठिपका धूसर, आणि त्या दोहोंच्या मध्ये आईचा आवाज पंख्याच्या आवाजासारखा फिरत राही. पंखा संपायची वाट कुणी बघत नाही.

एका रविवारी सकाळी भाकऱ्या झाल्यावरही जयवंताबाई पाटावरच बसून राहिल्या. रेणू हात झटकत होती.

"एक विचारू?" रेणू म्हणाली. "तुला का एवढं? मी संघात नाही आले तर कोचिंगला जाईन. त्यात काय."

जयवंताबाईंनी परातीतलं पीठ एका बाजूला ओढलं.

"तू तिथं उभी राहतीस ना, हात वर करून, तवा सगळे तुझ्याकडं बघतात. आणि तुला काहीच बोलावं लागत नाही." त्या जरा थांबल्या. "मी गप बसले तर माझ्याकडं कुणी बघंल का, असं मला लहानपणापासून वाटतं. म्हणून बोलत राहते. तुझं तसं नाही. ते बंद पडू नाही, एवढंच."

रेणू आईच्या शेजारी येऊन बसली. जयवंताबाईंना ती शांतता फार काळ सोसवली नाही.

"आणि मी दवाखान्यात सगळ्यांना सांगून बसलेय," त्या म्हणाल्या. "आता तू हरलीस तर मला नंबर देणं अवघड होईल."

निवड चाचणी शहराबाहेरच्या मोठ्या रेंजवर होती. जयवंताबाईंनी सगळ्यांत चांगली इरकल नेसली होती आणि दशम्यांचा डबा घेतला होता. सर म्हणाले, अम्मा, इथे मी काही सांगणार नाही, तुमच्या मनाला येईल तसं करा. पहिल्या फेरीत त्या आपणहून बाहेर बसल्या. रेणू सहावी आली. आठ जणींत नाव लागलं.

दुपारी अंतिम फेरी. हॉलमध्ये मोठा पडदा, त्यावर आठ नावं. गाणं सुरू झालं, तेलुगू, ढोलाचं. निवेदकाने माइकमध्ये फुंकर मारली. रेणूने खुर्च्यांकडे एकदाच पाहिलं. आई तिसऱ्या ओळीत होती, सरांच्या बाजूला. हात मांडीवर घट्ट धरलेले, ओठ मिटलेले. देवळात बसावं तशी.

पहिले नेम झाले. निवेदक ओरडत होता. कुणाच्या तरी गावचे लोक कुणाच्या तरी नावाने आरोळ्या देत होते. रेणू हात वर नेई, खाली आणी, चाप दाबी. पहिली मुलगी बाहेर पडली. निजामाबादची, जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची. रेणू नव्हती. हे नवीन होतं, आणि नवीन असल्यामुळेच रेणूला पुन्हा भान आलं. ती सातवी होती. पुढची पाळी तिची.

ती तगली. सहावी झाली. मग पाचवी. आता चौघी उरायला एक नेम होता आणि गुणांचा फरक केसाएवढा. निवेदकाने ते ताणून ताणून सांगितलं. कुणाला किती हवेत, कोण वर, कोण खाली. रेणूच्या नकळत तिचे कान तिकडे गेले. वाक्य संपत नव्हतं. हात वर जाऊन थांबला. थांबला की जड होतो. तिला तो जड होताना कळला.

तेवढ्यात गाण्याच्या आणि माइकच्या खालून एक ओळखीचा आवाज आला. मोठा नव्हता. पण तो आवाज तिने कुठल्याही गोंधळात ओळखला असता.

"...और वो बंदर ना बहन, हमारे दादा की कवळी लेके झाड पे जाके बैठ गया. सच्ची. कवळी म्हणजे वो दांत..."

रेणू मागे वळली नाही. पण तिला न बघता दिसलं. आई कुणाला तरी गोष्ट सांगत होती. या क्षणी. तिला हसू आलं. श्वास उतरला. पुढची माशी धारदार झाली.

"...फिर दादा आगे गए, और बोले..."

रेणूने वाट पाहिली नाही.

पडद्यावर आकडा आला, पाचवी म्हणून दुसरीच मुलगी बाहेर पडली, आणि खय्यूम सर खुर्चीवरून उठले. उठून पुन्हा बसले, कारण फेरी संपली नव्हती. त्यानंतरचे नेम जणू दुसऱ्याच कुणीतरी मारले. मग आणखी एक बाहेर पडली. निवेदकाने चौथीचं नाव घेतलं, आणि ते रेणूचं नव्हतं. तिघी उरल्या. पुढच्या नेमाला रेणू बाहेर पडली, तिसरी. तिने पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं.

ती खुर्च्यांपाशी आली तेव्हा जयवंताबाई सरांच्या शेजारी नव्हत्या. त्या मागच्या ओळीत गेल्या होत्या. त्यांच्या बाजूला एक बाई पदराने डोळे पुसत, आणि त्याच वेळी हसत बसली होती. निजामाबादच्या त्या मुलीची आई. आठवी येऊन पहिल्यांदा बाहेर पडली, तिची.

"झालं का?" जयवंताबाईंनी रेणूला विचारलं.

"झालं."

"काय झालं?"

"तिसरी."

जयवंताबाईंनी पडद्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, परत रेणूकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे संघात?"

"अम्मा," खय्यूम सर म्हणाले, "आप देखे नै?"

"बघत होते की. मग ही बाई रडायला लागली. ही तिथं बसलीय, आणि मागच्या साली मी अशीच बसले होते, आठवीची आई. तिच्याकडं कुणी बघेना. मग मी म्हटलं..." त्यांनी वाक्य सोडलं. पुढे होऊन रेणूचं डोकं दोन्ही हातांत धरलं. काही बोलल्या नाहीत. रेणूला वाटलं, आता काही तरी बोल, लोक बघायलेत.

परतीच्या बसमध्ये रेणूने विचारलं, "पणजोबा काय म्हणाले गं माकडाला?"

"कोणते पणजोबा?"

हणमंतरावांना फोन लावला. पलीकडे पेपराची घडी घातल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "कोचिंगचं काय ते पुढं बघू." आणि मग, फोन ठेवायच्या आधी, "तुझी आई गप बसली होती का?"

"नाही," रेणू म्हणाली.

"बरं झालं," हणमंतराव म्हणाले.

संघाचा सराव वर्ग दुसऱ्या राज्यात होता. आठवड्याभरात संघाचा ट्रॅकसूट आला. निळा, छातीवर राज्याचं नाव. पँट रेणूच्या पायाखाली वीतभर लोळत होती. बनवणाऱ्याने बहुधा बास्केटबॉलच्या मुली डोळ्यांसमोर ठेवल्या असाव्यात.

"टेलरकडे देऊ का?" रेणूने विचारलं. उद्या सकाळी सिकंदराबादहून गाडी होती.

"टेलर कशाला? आत्ता दुमडून देते. दोन पाय तर आहेत."

जयवंताबाई निळा दोरा घेऊन खिडकीपाशी बसल्या. उजवा पाय त्यांनी मापून, टाचून, बारीक टाक्यांनी शिवला. टाका दिसतही नव्हता. मग डावा घेतला. दोन-चार टाके झाले असतील. तेवढ्यात भाग्यलक्ष्मी पेढे घेऊन वर आली, आणि तिने विचारलं की शेवटी नेमकं झालं काय.

जयवंताबाई उठून उभ्या राहिल्या. पँट डाव्या हातात. उजवा हात त्यांनी पुढे ताणला, वर नेला, हळूहळू खाली आणला.

"मी डोळ्याची पापणी पडू दिली नाही," त्या म्हणाल्या. "समोर ती, हिकडं मी. निवेदक बोंबलायलाय. आणि रिव्हॉल्वर अशी, अशी खाली आली..."

हणमंतराव पेपर खाली ठेवून ऐकू लागले. रेणूने एक पेढा घेतला आणि आपली बॅग भरायला गेली. परत आली तेव्हा गोष्ट निजामाबादच्या बाईवर गेली होती, आणि भाग्यलक्ष्मीची कणीक खाली सुकत चालली होती. आई तिला सोडायला जिन्यापर्यंत गेली. जिन्यातून आवाज येत राहिला.

पँट खुर्चीच्या पाठीवर पडली होती. डाव्या पायाला सुई तशीच लटकत होती, दोऱ्यासकट. रेणूने ती हळूच काढून दोऱ्याच्या रिळात खोचली. उरलेली दुमड एका सेफ्टीपिनने टाचली आणि पँट घडी करून बॅगेत ठेवली.